पांबनचा पूल आणि आमच्या नदीवरचा रपटा



जिल्हा बैठकीच्या अंकात पुलावर अग्रलेख कशाला, असे विचारणारे भेटतील. कापसाचा भाव, कर्जाची वसुली, विजेचे बिल हे विषय काय संपले? संपलेले नाहीत. पण ज्या ज्या तालुक्यात आमच्या सभा होतात, तेथे दर पावसाळ्यात एक रडगाणे ऐकावे लागते. नदीवरचा जुना पूल धोक्याचा म्हणून बंद झाला, नव्याचे भूमिपूजन झाले, नारळ फुटला, फोटो छापून आले आणि मग सगळे सामसूम. किंवा त्याहूनही वाईट म्हणजे, पूल धोक्याचा आहे असा फलक लागला आणि त्या फलकाला वळसा घालून माणसे, बैलगाड्या, शाळेची पोरे चालूच राहिली. जुना पूल थकल्यापासून नवा उभा राहीपर्यंत मधली जी वर्षे जातात, त्या वर्षांचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हा आमचा प्रश्न आहे. सरकारी अंदाजपत्रकात त्या खर्चाचा रकानाच नसतो.

हा हिशेब कसा मांडायचा हे पाहण्यासाठी आम्ही देशाच्या दक्षिण टोकाचा एक पूल घेतला आहे. तो नदीवरचा नाही, समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यावरचा आहे. पण जुना पूल थकणे, तो बंद करणे, नवा बांधणे, आणि मधल्या काळात लोकांनी दिवस काढणे ही सगळी गोष्ट तेथे डोळ्यासमोर घडली आहे. कागदपत्रांत तारखांसकट नोंदलेली आहे. शिवाय तो पूल उघडझाप करणारा आहे. वरून रेल्वे जाते, आणि जहाज आले की मधला गाळा उचलून त्याला वाट द्यावी लागते.

रामेश्वर आपल्याला परके नाही. काशीची गंगा कावडीने रामेश्वरला न्यायची ही आपली जुनी रीत. नाथांनी ते पाणी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घातले, ही कथा माहीत नाही असे घर आपल्याकडे सापडणार नाही. सुगी आटोपली की आजही आपल्या गावांतून रामेश्वरची यात्रा निघते. हे रामेश्वर बेटावर आहे. अलीकडे मंडपम, पलीकडे पांबन, आणि मध्ये दोनेक किलोमीटर समुद्र. त्यावरचा जुना रेल्वे पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. साउथ इंडियन रेल्वे कंपनीने तो बांधला. इंग्रजांनी तो यात्रेकरूंच्या पुण्यासाठी बांधला, असा कोणाचा समज असेल तर त्याने तो सोडून द्यावा. बेटाच्या टोकाला धनुष्कोडी होते. तेथून आगबोटीने सिलोनमधल्या तलैमन्नारला जाता येई. माणसे आणि माल सिलोनला नेण्या-आणण्याचा तो धंदा होता, आणि धंद्यासाठी पूल झाला. आमच्या वऱ्हाडात खामगाव, अमरावतीला रेल्वेचे फाटे गेले तेही कापसाच्या गाठी मुंबईच्या गोदीत लवकर पोचाव्यात म्हणूनच. माल हलतो तेथे पूल होतो, हा नियम परक्यांनी तरी पाळला.

त्या पुलाला १४५ साधे गाळे आणि मध्ये एक उघडणारा गाळा. हा उघडणारा गाळा शेर्झर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या पद्धतीचा. दोन पाने दोन्ही बाजूंना मागे कलत वर उठत, दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तशी, पण आडवी न उघडता उभी. ती उचलायला मोटर नव्हती. दोन्ही बाजूंना माणसे उभी राहून दांडे फिरवीत आणि पाने उठवीत. शंभर वर्षांहून अधिक काळ हे काम माणसांच्या हातांनी झाले. जहाजे आणि मोठे मच्छीमार पडाव आपली पाळी लागेपर्यंत बाजूला थांबत आणि गाळा उघडला की रांगेने निघून जात.

उंच पूल बांधून टाकायचा, म्हणजे उघडझाप नकोच, असे कोणी म्हणेल. रस्त्याला ते जमते. पांबनलाच शेजारी १९८८ साली मोटारींसाठी पूल झाला, तो कमानीसारखा उंच चढतो आणि त्याच्याखालून जहाज जाते. ट्रकने चढ चढावा, त्यात काही मोठे नाही. रेल्वेला ते जमत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक. शंभर मीटर धावल्यावर एक मीटर चढ धरला, तरी सोळा-सतरा मीटर जादा उंची गाठायला पावणेदोन किलोमीटर लागतील, आणि तितकेच उतरायला. समुद्रच मुळी दोन किलोमीटरचा. म्हणून रेल्वे खाली ठेवायची आणि जहाज आले की गाळा हलवायचा, हा तोडगा.

या तोडग्यात एक न्याय आहे, आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्या पाण्यावर होडीचा हक्क पहिला. रेल्वे मागाहून आली. मागाहून आलेल्याने पूर्वीच्याची वाट बुजवली नाही. आपली वाट उचलून बाजूला करण्याचा खर्च त्याने स्वतः सोसला. आमच्याकडे याच्या उलटा व्यवहार चालतो. धरण होते, पाणी मागे तुंबते, पिढ्यान्‌पिढ्या ज्या उतारावरून बैलगाडी नदी पार करीत होती तो उतार दहा-वीस हात पाण्याखाली जातो. जमिनीचा मोबदला तरी कागदावर असतो. वाटेचा मोबदला कोणी ऐकला आहे काय? पलीकडे शेत, अलीकडे घर आणि मध्ये सरकारचे पाणी.

पांबनकडे परत येऊ. १९६४च्या डिसेंबरात, २२ आणि २३ तारखेच्या रात्री, मोठे चक्रीवादळ आले. धनुष्कोडी गाव गेले. धनुष्कोडीकडे निघालेली प्रवासी गाडी माणसांसकट समुद्राने ओढून नेली. पुलाचे १२६ गाळे वाहून गेले. उघडणारा लोखंडी गाळा मात्र टिकला. दुरुस्तीची जबाबदारी ई. श्रीधरन या तरुण इंजिनिअरवर आली. पुढे कोकण रेल्वेमुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले तेच हे श्रीधरन. त्यांनी समुद्रात पडलेले गर्डर शोधून, उचलून पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत पूल चालू केला. हे १९६५ साल. आज आपल्याकडे नुसती निविदा उघडायला किती दिवस लागतात, ते ज्याने त्याने आपल्या बांधकाम खात्यात जाऊन पाहावे.

खाऱ्या हवेत लोखंड किती टिकते हे शेतकऱ्याला सांगायला नको. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीवरच्या मोटरीचे आणि पाइपाचे काय होते ते आपण पाहतो. पांबनची हवा जगातल्या सर्वांत गंजवणाऱ्या हवांमध्ये धरली जाते. २००७ साली त्याच म्हाताऱ्या पुलावरून मीटरगेज काढून ब्रॉडगेज टाकली, म्हणजे वयाच्या नव्वदीनंतर त्याच्या खांद्यावर जास्तीचे ओझे दिले. डिसेंबर २०१८मध्ये उघडणाऱ्या गाळ्याला तडा आढळला आणि काही काळ गाड्या थांबवाव्या लागल्या. मार्च २०१९मध्ये नव्या पुलाची कोनशिला बसली. काम २०२०च्या सुरुवातीला निघाले. महामारी आली, समुद्र खवळला, मुदती पुढे गेल्या. डिसेंबर २०२२मध्ये जुन्या पुलावर बसवलेल्या यंत्रांनी हादरे वाढल्याची सूचना दिली आणि २३ तारखेपासून रेल्वेने गाड्या बंद केल्या. नवा पूल पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला तो ६ एप्रिल २०२५ रोजी. म्हणजे सव्वादोन वर्षांहून जास्त काळ रामेश्वरला रेल्वे नव्हती. गाड्या मंडपम किंवा रामनाथपुरमला थांबत आणि पुढे बस.

आता या सव्वादोन वर्षांविषयी आमचे मत स्पष्ट सांगतो. पूल बंद करणे बरोबर होते. यंत्राने इशारा दिला, माणसांनी तो मानला, गाडी थांबवली, कोणी मेले नाही. स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याचा, धर्मशाळेजवळच्या हॉटेलवाल्याचा, मासळी गाडीत चढवणाऱ्याचा धंदा बसला असेल, त्यांचा राग रास्तच म्हणावा लागेल. पण त्यांना दुसरी वाट होती. १९८८चा रस्ता-पूल शेजारी उभा होता. बेट तुटले नाही. जुनी वाट बंद करताना दुसरी वाट आधीच तयार असणे, हाच खरा मुद्दा आहे. तेथे ती योगायोगाने तयार होती. नियोजनाचे श्रेय आम्ही देणार नाही.

आमच्याकडे काय होते ते पाहा. महाडला सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला. एसटीच्या दोन बसगाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. मग त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७मध्ये सुरू झाला. सरकारला पूल लवकर बांधता येत नाही असे म्हणण्याची आता सोय राहिलेली नाही. मुंबई-गोवा महामार्ग असला आणि माणसे मेली की बांधता येतो. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसकट कोसळला. चार जण गेले. नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती. पुढच्याच महिन्यात, ९ जुलैला, गुजरातमध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला, वाहने नदीत पडली, वीस जणांहून कमी माणसे गेली नाहीत. तो १९८५चा, म्हणजे म्हातारासुद्धा नव्हे. तेथेही नव्या पुलाचा निर्णय झालेला होता. मंजुरी मिळाली म्हणून पूल उभा राहत नाही, आणि फलक लावला म्हणून पूल बंद होत नाही. पांबनला तेवढे तरी समजले.

नव्या पुलाची रचना थोडी समजावून सांगतो, कारण त्यातून आपल्याला कामाची एक गोष्ट मिळते. पूल २०७८ मीटर लांब. ९९ साधे गाळे, आणि मध्ये ७२.५ मीटरचा उचलणारा गाळा. जुन्यासारखी दोन पाने कलत नाहीत, अख्खा गाळा रुळांसकट सरळ उभा वर जातो, १७ मीटर. समुद्रापासून २२ मीटरची मोकळीक मिळते. या गाळ्याचे वजन साडेसहाशे टनांच्या आसपास. एवढे धूड पाच-सहा मिनिटांत कसे उचलते? दोन्ही बाजूंना बुरूज आहेत, बुरुजांच्या माथ्यावर चाके, चाकांवरून दोर, आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला वजने टांगलेली. ही वजने गाळ्याच्या जवळजवळ बरोबरीची. काट्याच्या एका पारड्यात कापसाचा बोजा आणि दुसऱ्यात मापे, तसा प्रकार. पारडी समान झाली की लहान पोरसुद्धा बोटाने हलवते. बैलगाडी भरताना आपण हेच करतो. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला तर बैलाची मान दबते. बेताने भरली तर तीस मणांची गाडी बैल सहज ओढतो. मोटरीला मग फक्त घर्षण, वारा आणि थोडा फरक एवढेच ओढायचे राहते.

खर्च साडेपाचशे कोटींच्या घरात. मार्ग सध्या एकेरी आहे, पण खालचे खांब दुहेरी मार्ग पेलतील असे घेतले आहेत. हे आम्हाला आवडले. घर एक मजली बांधायचे असले तरी पाया दोन मजल्यांचा घ्यावा, हे आपले जुने लोक सांगत. आमच्या नदीवरचे रपटे मात्र, कोणी त्यांना फरशी पूल म्हणतात, बांधतानाच अशा उंचीचे घेतले जातात की पहिल्या पुरात ते पाण्याखाली जावेत. आणि बांधणारा म्हणतो, रपट्याचे तसेच असते.

नव्या पुलावरही वाद झाला, तो लपवण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी आपल्या अहवालात आखणीतल्या त्रुटींवर बोट ठेवले. रेल्वेच्याच संशोधन संस्थेच्या प्रमाणभूत पद्धतीबाहेर जाऊन रचना केली, गंजाची चिन्हे आतापासूनच दिसतात, असे त्यांचे आक्षेप. रेल्वेचे म्हणणे असे की रचना परदेशी सल्लागाराने परदेशी मानकांप्रमाणे केली आणि मद्रास व मुंबईच्या आयआयटीने ती तपासली. आयुक्तांनी परवानगी दिली, पण वेगाला मर्यादा घालून. पुलावर ताशी ७५ किलोमीटर आणि उचलणाऱ्या गाळ्यावर ५०. या वादात कोण बरोबर हे ठरवणे आमचे काम नाही. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. सरकारच्याच एका माणसाने सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या कामातली खोट लिहून दिली, ती छापून आली, आणि तिला उत्तर द्यावे लागले. आमच्या तालुक्यातल्या पुलाची तपासणी जो करतो आणि पूल जो बांधतो, ते दोघे एकाच खात्यातले असतात. पाहणीचा कागद गावच्या चावडीवर लागलेला आम्ही तरी पाहिला नाही.

हलणाऱ्या यंत्राची आणखी एक बाजू आहे. एकदा बांधून सोडून दिले असे त्याच्या बाबतीत चालत नाही. दोर, चाके, मोटर, वंगण, रंग, वाऱ्याचा वेग मोजायचे यंत्र आणि या सगळ्यांवर रोज नजर ठेवणारा पगारी माणूस, हे कायमचे लागते. जुना पूल शंभर वर्षे उघडला आणि मिटला. चांगल्या लोखंडाइतकेच त्याचे कारण हेही, की दांडे फिरवणाऱ्या आणि वंगण घालणाऱ्या माणसांची जागा कधी रिकामी राहिली नाही. आमच्याकडे हलणारा भाग असलेले एकच सरकारी बांधकाम शेतकऱ्याच्या माहितीचे आहे, ते म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्याच्या शेवटी त्याला बर्गे घालायचे, कोणी दारे म्हणतात, आणि पावसाळ्याआधी काढायचे. एवढेच काम. किती बंधाऱ्यांना वेळेवर बर्गे बसतात? कोठे ते चोरीला गेले, कोठे गंजून अडकले, कोठे ते घालायला माणूस नाही आणि माणसाला मजुरी नाही. पाणी वाहून गेल्यावर बर्गे येतात. बंधारा बांधायला निधी असतो, कारण त्यावर नावाची फरशी बसते. बर्गे घालणाऱ्याच्या मजुरीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. आणि हाच बंधारा पुष्कळ गावांत पूल म्हणूनही वापरला जातो. कठडा नाही, रुंदी जेमतेम बैलगाडीपुरती, आणि त्यावरून ऑक्टोबरात वेचलेला कापूस जायचा.

आता भावाकडे येतो. पूल नसणे हा रस्त्याचा प्रश्न म्हणून बांधकाम खात्याकडे ढकलला जातो. आमच्या मते ती भावातली कपात आहे. नदीपलीकडच्या गावात खेडा खरेदीवाला येतो, त्याला ठाऊक असते की या लोकांची गाडी जिनिंगपर्यंत किंवा बाजार समितीपर्यंत जाणार नाही, गेली तर तीस किलोमीटरचा फेरा पडेल. तो भाव पाडून मागतो. काट्यातले वेगळेच. समजा पलीकडच्या चार गावांत मिळून पाच हजार क्विंटल कापूस होतो आणि क्विंटलमागे दोनशे रुपये पुलाच्या नावाने कापले जातात. वर्षाला दहा लाख झाले. पूल पाच वर्षे रखडला तर पन्नास लाख. हा पैसा त्या चार गावांनी पुलासाठीच दिलेला आहे, फक्त त्यांना पूल मिळालेला नाही. वरून नव्या पुलाची मागणी घेऊन गेले की साहेब विचारतात, एवढ्या चार गावांसाठी एवढा खर्च परवडतो काय?

ज्वारीचे याहून वाईट. दाणे पोत्यात घालून डोक्यावर तरी नेता येतात. कडब्याचे काय? कोरडवाहू ज्वारी परवडते ती निम्मी कडब्यावर. कडबा वजनाला हलका आणि जागा खाणारा, गाडीभर पेंढ्या रचल्या की अरुंद रपट्यावरून गाडी जात नाही आणि फेऱ्याचे भाडे कडब्याच्या किमतीला खाऊन टाकते. माल जितका अवजड आणि दराने जितका हलका, तितका पूल नसण्याचा दंड मोठा. सोन्याच्या व्यापाऱ्याला पूल नसला तरी चालतो, कडबेवाल्याला चालत नाही.

आणि पेरणी? आमच्यासारख्या कोरडवाहू शेतीत वाफसा काही कोणाची वाट पाहत नाही. काळ्या जमिनीत पावसानंतर दोन-चार दिवसांची संधी मिळते. त्या चार दिवसांत बियाणे, बैल, मजूर यांतले काहीही पलीकडे अडकले तर पेरणी लांबते. लांबलेल्या कापसाला शेवटी बोंडे धरण्याच्या वेळी ओल कमी पडते, हे शेतीशास्त्राच्या पुस्तकात शिकायला जाण्याची गरज नाही. रपटा पाण्याखाली किती दिवस होता हे जुलैत मोजावे आणि पिकाचा उतारा डिसेंबरात मोजावा, म्हणजे दोन्हींचा संबंध कळतो.

किलिक-निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडात कापसासाठी एक छोटी रेल्वे उभी केली, मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी. आपण तिला शकुंतला म्हणतो. पांबनच्या पुलाच्याच पिढीतली. तिचे रूळ थकले, पूल थकले, वेग कमी होत गेला आणि गेल्या काही वर्षांत तिची चाके थांबली. रुंदीकरणाच्या घोषणा पुष्कळ झाल्या. पांबनला साडेपाचशे कोटी मिळाले याचा आम्हाला मत्सर नाही. तेथे देवस्थान आहे, देशाची सीमा आहे, देशभरची माणसे जातात. पण थकलेल्या वाटेच्या जागी नवी वाट द्यायची की तिला मरू द्यायचे, हे ठरवताना कापूस वाहणाऱ्याला कोणी विचारले नाही, एवढे आम्ही नोंदवून ठेवतो.

तेव्हा या जिल्हा बैठकीत पुलांच्या बाबतीत आम्ही नवे पूल द्या अशी मोघम मागणी करणार नाही. ती मागणी प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात आहे आणि तेथेच राहते. आम्ही असे म्हणतो की जुना पूल बंद करण्याचा आदेश आणि तात्पुरत्या वाटेचा आदेश एकाच कागदावर, एकाच सहीने निघाला पाहिजे. तात्पुरती वाट म्हणजे नळकांड्यांचा भराव असेल, नाव असेल, फेऱ्याच्या रस्त्यावर जादा एसटी असेल, जेथे जे जमेल ते. ती वाट मिळेपर्यंत शेतमालाच्या फेऱ्याचे भाडे सरकारने द्यावे. धरणाने वाट बुडवली असेल तर पूल हा धरणाच्या खर्चातच धरावा, तो मागाहून आमदाराच्या कृपेवर सोडू नये. आणि पाहणीचा अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, पावसाळ्याआधी लागावा. या मागण्यांत कोठे फुकटेपणा आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने वरचा पन्नास लाखांचा हिशेब पुन्हा वाचावा.

बैठकीला येताना तालुका प्रतिनिधींनी आपापल्या भागातल्या एकेका नदी-नाल्याची माहिती एका कागदावर लिहून आणावी. जुना पूल किंवा रपटा कधी बंद झाला, आदेश लेखी होता की तोंडी, नव्याची मंजुरी कोणत्या साली झाली, आज काम कोठवर आले. गेल्या पावसाळ्यात किती दिवस वाट बंद होती याचा पुरावा लागेल. त्यासाठी पलीकडच्या गावातून शाळेत येणाऱ्या मुलांचा हजेरीपट पाहावा, पूर आलेल्या दिवशी सगळी पोरे एकदम गैरहजर दिसतील. मुख्याध्यापक नक्कल देतात. कापूस जिनिंगला नेल्याच्या भाड्याच्या पावत्या, सरळ वाटेच्या आणि फेऱ्याच्या, दोन्ही जोडाव्यात. पाहणीचा अहवाल खात्याने दिला नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आताच टाकावा. दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, म्हणजे पावसाळ्याआधी कागद हातात येईल. हे सगळे बैठक सुरू होण्यापूर्वी दारातल्या टेबलावर जमा करावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे, लिहून घ्यायला दोन कार्यकर्ते तेथे बसलेले असतील.